परत आलेलं गाठोडं

अकोल्यात झेरॉक्सच्या रांगेत उभी असलेली रागिणी पुढे सरकायचं विसरली. शेजारच्या अंत्यविधी साहित्याच्या दुकानात एक म्हातारा गाठोडं परत करायला आला होता.

"पाटी वाचा, काकाजी. विकलेला माल परत घेत नसतो आमी."

"असी पाटी कायद्यात बसत नाही, बापू. माल कोरा हाय, बिल हाय. नाही तं हा चाललो ग्राहक आयोगात."

"पण असं सामान कोणी परत आणते काय? कोणासाठी नेलं होतं?"

"माह्यासाठी."

"आं?"

"दोन दिवस मी डोये उघडले नाही. आमच्या किशोरले घाई झाली, त्यानं इथून सगळं नेलं. तिसऱ्या दिवशी मी उठून चहा मांगतला."

"मंग राहू द्या ना घरी. कधी ना कधी..."

"आमची बुडी म्हणते, असं सामान उंबरठ्याच्या आत ठेवत नसतात. घरात एक तं गाठोडं राहीन, नाही तं तुमी. सकाळपासून ओसरीवर बसवून ठेवलं मले."

"अन् यमाच्या दारातून परत आलेला माल मी कोणाले विकू?"

"यमानं नेलेलं परत केलं, बापू. त्यानं नाही दाखवली पाटी."

"आणा इकडे! पण वहीत कारण लिहा लागते. काय लिहू?"

"लिही, गिऱ्हाईक परत आलं."

"अन् सही कोणाची?"

"गिऱ्हाईकाचीच. दे पेन."