सुमीतच्या तोंडची शिवी

सेलूच्या बसस्टँडवर वर्धेची गाडी लेट होती. माझ्या मागच्या बाकावर एक गृहस्थ आणि त्यांची नववी-दहावीतली मुलगी बसली होती. त्यांच्या बोलण्यावरून कळलं, गृहस्थांनी मुलांसाठी कादंबरी लिहिली होती, आणि छापायला देण्याआधी मुलीने ती नुकतीच वाचून संपवली होती.

"इला, खरं सांग. कशी वाटली?"

"चांगली आहे बाबा. पण त्यातल्या सुमीतचे वडील त्याले सगळ्यायसमोर थापड मारतेत, अन् तो म्हणते, 'तुम्ही फार निष्ठुर आहात.' असं कोणतं पोरगं बोलते?"

"मंग काय शिवी देऊ त्याच्या तोंडी? शाळेच्या लायब्ररीत कोणी ठेवन का असं पुस्तक?"

"शाळेतले सगळे पोरं देतेत शिव्या."

"म्हणूनच नको. पुस्तकात तरी चांगलं वाचा."

"मंग पोरं म्हणतीन, हा सुमीत खोटा आहे. अन् पुस्तक ठेवून देतीन."

"बरं, देऊ एक. कोणती देऊ?"

"तेच पाहून राह्यली मी. त्याचा राग बापावर आहे, अन् सगळ्या शिव्या तर आईवरच्या."

"हं."

"अन् त्याची आई तिथंच उभी आहे."

"मंग काय करते तो?"

"शिवी तोंडापर्यंत येते त्याच्या. मंग तो आईकडे पाहाते, अन् गप बसते. तेवढंच लिहा."

"अन् राग?"

"राग राहाते."



"इला, तुले माह्यावर आलता कधी असा राग?"

"आलता."

"मंग तू काय केलं?"

"आईकडे पाह्यलं."