हत्तीछाप रुपयाचं वजन

मंडळी, आज कीर्तनाला एकच प्रश्न घेऊन उभा आहे! फसलेला माणूस फसवणारा व्हायला किती वेळ लागतो? वर्ष? महिना? काय पेटीवाले? सांगा की! नाही सांगणार. त्यांनी परवाच मोबाईलवरून पेटी मागवली – आली ती खेळण्यातली! हसू नका, वाजवतायत ना बिचारे!

तर ऐका. बार्शीला त्र्यंबकराव उमराणीकर म्हणून गृहस्थ होते. नोकरी? वजनमापे निरीक्षक! एकतीस वर्षं! ते बाजारात शिरले, की एक किराणेवाला त्यांना लांबून बघूनच गिऱ्हाइकाला दोन मुठी साखर जास्त घालायचा!

निवृत्त झाले आणि नाद लागला जुन्या नाण्यांचा. त्यांच्याकडे वडिलांचा एक रुपया होता – संस्थानी, चांदीचा, वर हत्तीची छाप! एके दिवशी रुपया चिमटीत धरून त्यांनी फोटो काढला आणि नाणी जमवणाऱ्यांच्या ग्रुपवर टाकला. फोटोत हत्ती दिसतोय, आणि त्र्यंबकरावांचा अंगठाही दिसतोय. पाच किलोचं वजन पडून त्याचं नख कधीकाळी मधोमध दुभंगलेलं!

महिनाभराने मोबाईलवर जाहिरात आली – ‘अतिदुर्मिळ हत्तीछाप रुपया! एकच नग! आज घ्या, उद्या नाही!’

त्र्यंबकराव उडालेच. “अगं, माझ्या हत्तीचा जोडीदार सापडला!”

इंदुमतीबाई, म्हणजे त्यांच्या सौभाग्यवती, पदराला हात पुसत आल्या. चष्मा लावला. “अहो, हा तुमचाच फोटो चोरलाय कुणीतरी. हा अंगठा तुमचा. हे नख तुमचं. खाली आपलं टेबल, त्यावर माझ्या हातून सांडलेल्या आमटीचा डाग!”

“आमटी काय फक्त आपल्याच घरी सांडते?”

आता बोला! बाजारात पन्नास हजारांचं नाणं, इथे अठरा हजारांना! पैसे आधी. परत घेणार नाही. दुकानाचं नाव काय? ‘प्रामाणिक नाणेघर’! उघडून दिवस किती झाले? चार! त्र्यंबकराव म्हणाले, “नवीन आहे बिचारा, उत्तेजन द्यायला हवं.”

आणि पैसे कुठले दिले? बाईंच्या कवळीसाठी ठेवलेले! ती माऊली आठ महिने भाकरी दुधात कुस्करून खात होती हो!

पार्सल आलं. हत्ती होता – पण सोंड कुठली आणि शेपूट कुठलं, कळेना! कडेला साच्याची शिवण. सोबत प्रमाणपत्र – ‘हा रुपया खरा असल्याचे आम्ही स्वतः ऐकले आहे’! बाईंनी फ्रीजवरचं लोहचुंबक आणलं. रुपया टुणकन उडी मारून चिकटला! चांदी कधी चिकटते का?

“हत्तीत ताकद असतेच,” त्र्यंबकराव म्हणाले. पण मनोमन कळून चुकले होते. एकतीस वर्षांत ज्याला कुणी पावशेरात फसवलं नाही, तो असा फसला! दोन दिवस माणूस जेवला नाही.

आणि तिसऱ्या दिवशी, मंडळी, मनात किडा शिरला! मी फसलो, तसा आणखी कुणीतरी फसेल की! टाकली त्या खोट्या रुपयाची जाहिरात. फोटो कुठला? खऱ्या रुपयाचा – तोच, अंगठ्यासकट! चोरानं यांच्याकडून चोरला होता, आता यांनी स्वतःकडूनच चोरला!

बाई म्हणाल्या, “अहो, पोलिसांत जा.”

“हसतील गं सगळे. आणि तुझी कवळी यायला नको?”

“असल्या पैशाच्या कवळीनं मी घास चावायची नाही. दूध-भाकरी बरी आहे मला.”

तेवढ्यात फोन वाजला. “काका, ती हत्तीछापाची जाहिरात तुमचीच ना? वजन किती भरतं?”

वजन! जन्मभर हा प्रश्न त्यांनी लोकांना विचारला. आज कुणीतरी त्यांनाच विचारला! तो खोटा रुपया काट्यावर ठेवला. “आठ ग्रॅम.”

“अहो, अस्सल साडेअकराच्या वर भरतो!”

त्र्यंबकरावांनी डोळे मिटले. “अस्सल नाहीच तो. मी फसलो, आणि तुम्हाला फसवायला निघालो होतो. घेऊ नका.”

पलीकडून काय आवाज आला? “हात्तिच्या! खोटा? खोटे माझ्याच घरी गोणीभर पडलेत! मला नमुन्याला एक खरा हवा होता. गिऱ्हाइकं ओरडतात हो, सोंड कळत नाही म्हणून!”

“दुकान कुठलं तुमचं?”

“प्रामाणिक नाणेघर! काय सांगू काका, खरं नाणं विकणारा माणूसच उरला नाही. सगळा चोरबाजार!”

त्र्यंबकराव म्हणाले, “घरी खरा आहे माझ्याकडे. उद्या या. समोर वजन करू.”

फोन ठेवला, जाहिरात काढली आणि गाठलं पोलीस ठाणं! सगळं सांगितलं – स्वतःचं पापसुद्धा. साहेबांनी आधी त्यांनाच चांगलं झापलं, मग दोन शिपाई साध्या कपड्यांत दिले.

दुसऱ्या दिवशी गडी हजर! शिपाई आतल्या खोलीत पोहे खातायत, बाहेर यानं पिशवीतून स्वतःचा तराजू काढला. त्र्यंबकरावांनी जुन्या सवयीनं तो उलटा केला. “सरकारी शिक्का कुठंय?” मग त्यावर आपल्याकडचं खात्रीचं वजन ठेवून बघितलं – तराजूसुद्धा खोटा! “अहो, बाहेर या!” म्हणून ते असे गरजले, की एक शिपाई बशीसकट आला!

गोणी सापडली. फसलेल्या चाळीस माणसांना थोडेफार पैसे परत मिळाले, आणि दिवाळीला इंदुमतीबाईंनी कडक चकली खाल्ली – कडाड्!

तेव्हा मंडळी, नाणी घ्या, जरूर घ्या! पण वजन विचारा, कड बघा, जाणत्याला दाखवा, घाई करणाऱ्याला लांबून नमस्कार करा. आणि फसलात, तर लाजू नका, तक्रार करा. दुसऱ्याच्या गळ्यात मारू नका!

मान हलवताय? छान. मागच्या कीर्तनाला आरतीच्या ताटात एक नोट आली होती. मधोमध फाटलेली, मागून भाताच्या शितानं चिकटवलेली! वाणी घेईना, भाजीवाली घेईना, म्हणून आली देवाकडे! कुणाची, ते मी विचारत नाही. पहिल्या रांगेतून आली, एवढंच सांगतो. आता सगळ्यांनी डोळे मिटा आणि विठ्ठलाचं नाव घ्या – आणि डोळे मिटल्यावर ज्याला ती नोट आठवेल, त्यानं जरा मोठ्यानं घ्या!