बेचाळीस मुद्दे आणि एक गुडघा

...आणि एवढं सगळं रामायण झाल्यावर लोक मलाच येऊन विचारतात, 'काय हो, जुनी इंपोर्टेड स्पोर्ट्स कार घ्यायची तर काय काय बघायचं?' मलाच! माझ्या घरात काय झालं ते सगळ्या गल्लीला माहीत आहे, तरी मलाच. बरं, विचारलंत तर सांगतो. न सांगून जातोय कुठे?

सत्तावीस वर्षं माझा हाच धंदा आहे. मी गाड्या विकत नाही, दुरुस्तही करत नाही, मी गाड्या बघतो. तुम्हाला जुनी गाडी घ्यायची असली की तुम्ही मला घेऊन जाता, मी तिच्याभोवती दोन तास फिरतो, तिच्या खाली झोपतो, तिचा वास घेतो, आणि मग सांगतो घ्या किंवा सांगतो पळा. माझी एक यादी आहे, बेचाळीस मुद्द्यांची. पण यादीच्याही आधी एक नियम आहे, तो मी दारातच सांगतो. आधी बसायचं नाही. गिऱ्हाइकानं गाडीपासून दहा पावलं लांब उभं राहायचं. हात लावायचा नाही, दार उघडायचं नाही, आणि काही झालं तरी आधी बसायचं नाही.

का? अहो, बसला की माणूस संपला! एक दाताचे डॉक्टर होते, चांगले शिकलेले, लोकांच्या तोंडात बघून पैसे मिळवणारे. मी गाडीखाली होतो, तेवढ्यात हे बसले. मी खालून ओरडतोय, डॉक्टर, इथे खाली गाळ सुकलाय, सगळे नट गंजलेत, ही गाडी पुरात बुडालेली आहे... आणि वरून आवाज येतो, 'पण चामड्याचा वास काय सुंदर आहे हो.' स्टिअरिंगवर दोन्ही हात, डोळे अर्धे मिटलेले. झालं. घेतली त्यांनी. पुढच्या पावसाळ्यात गाडीच्या दिव्यांमध्ये पाणी भरलं, आत बारीक किडे पोहत होते, मी स्वतः बघितलेत. तेव्हापासून माझा नियम पक्का.

तर असा मी. आणि मग माझ्याकडे आला माझा दादा.

दादाबद्दल सांगायला हवं, नाहीतर तुम्हाला कळायचं नाही. दादा बस चालवायचा. चौतीस वर्षं. वडील गेले तेव्हा मी सातवीत होतो आणि दादाला नुकतंच मिसरूड फुटलेलं. त्यानं शाळा सोडली, आधी क्लीनर झाला, मग ड्रायव्हर झाला, आणि मला मोटारींच्या कोर्सला घातलं. म्हणाला, 'तू गाडी शीक, मी गाडी ओढतो.' आणि ओढली हो. रोज मागे साठ माणसं, त्यांच्या पिशव्या, त्यांची भांडणं, 'ओ ड्रायव्हर, जरा हळू', 'ओ ड्रायव्हर, झोपलात का?' चौतीस वर्षं त्या माणसानं एक उलट शब्द काढला नाही, कारण त्याच्या डोक्यावर पाटीच होती, 'चालकाशी बोलू नये'. लोक बोलायचे. चालक बोलायचा नाही.

निवृत्त झाला त्या दिवशी डेपोतल्या लोकांनी तीच पाटी स्क्रू काढून त्याला भेट दिली. घरी टीव्हीच्या वर लावली त्यानं.

आणि वहिनी. वहिनी माहेरी जायची ती दादाच्याच बसनं. पहिल्या बाकावर बसायची, दादाच्या बरोबर मागे, मध्ये लोखंडी जाळी. मला एकदा म्हणाली, 'भावोजी, ह्यांची मान मी कुठेही ओळखेन. चौतीस वर्षं मान बघितली. गाडी चालवताना ह्यांचं तोंड कसं दिसतं, मला माहीत नाही.'

तर निवृत्तीनंतर दोन वर्षांनी दादा माझ्याकडे येतो आणि म्हणतो, स्पोर्ट्स कार घ्यायची आहे. इंपोर्टेड. जुनी चालेल. लाल असली तर बरं. मी म्हटलं, दादा, बरं वाटतंय ना तुला? म्हणाला, 'दोनच सीटची हवी. मागे कोणी नको.' एवढंच बोलला. मला वाटलं थट्टा करतोय, मग तोंड बघितलं. माणूस हट्टाला आला की ओठ मिटतात ना, तसे मिटलेले. आयुष्यात त्यानं माझ्याकडे पहिल्यांदा काही मागितलं. मी मनात म्हटलं, या माणसाला मी फसू देणार नाही. इतर गिऱ्हाइकांसाठी एकदा बघतो, याच्यासाठी दोनदा बघेन.

आणि बघितलं! तुम्हाला सांगतो, दोन महिने मी गाड्या बघत होतो. शेवटी एका विकणाऱ्याकडे दोन उरल्या. एक चंदेरी, ऑटोमॅटिक, सीट जरा उंच, बटण दाबलं की सीट मागेपुढे होते. दुसरी लाल, गिअरची. दादा गेटपाशी उभा राहून म्हणाला, 'चंदेरी काय वाईट आहे?' मी म्हटलं, दादा, जुन्या परदेशी गाडीचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स म्हणजे घरात जावई आणून बसवायचा. बिघडला तर इथे कोणी हात लावत नाही, पार्ट बोटीतून येतात. ती बाद. मीच बाद केली. लक्षात ठेवा हे. मीच.

मग लालकडे वळलो. विकणारा मागे मागे, हातावर हात चोळत. 'साहेब, एकाच हातातली गाडी आहे. म्हातारे गृहस्थ होते, फक्त रविवारी काढायचे.' मी म्हटलं, रविवारी काढायचे तर ब्रेकच्या पेडलचं रबर इतकं गुळगुळीत कसं? म्हणाला, 'रविवारी खूप फिरायचे.' मी बॉनेटवर हात ठेवला. गरम. मी म्हटलं, गाडी आधीच चालू करून ठेवलीत? 'नाही साहेब, ऊन लागलंय.' शेडमध्ये! आता ऐका, हा मुद्दा लिहून घ्या, इंजिन नेहमी गार असताना सुरू करून बघायचं, कारण सगळे आजार सकाळच्या पहिल्या खोकल्यातच कळतात. मी स्टूल घेऊन बसलो, म्हटलं, गार होईपर्यंत हलत नाही. तास गेला.

दादा तिकडे दहा पावलांवर. विकणाऱ्यानं त्याला खुर्ची आणून दिली. दादा म्हणाला नको. तासभर तो उभाच. भिंतीला एक हात टेकून. मला वाटलं, केवढा उत्साह, बसवतसुद्धा नाहीये बिचाऱ्याला.

मग इंजिन सुरू केलं, धूर बघितला. निळा नाही, म्हणजे ऑइल जळत नाही. पांढरा होता, पण दोन मिनिटांत गेला, म्हणजे नुसती वाफ. फडक्यात गुंडाळलेलं लोहचुंबक सगळ्या पत्र्यावर फिरवलं, कारण जिथे पोचा पुट्टीनं भरून वर रंग मारलेला असतो तिथे ते चिकटत नाही. एका दारावरून सटकन खाली पडलं. विकणारा म्हणाला, 'थोडं खरचटलं होतं.' टायरवरची तारीख वाचली. चेसिस नंबर टॉर्चनं वाचला आणि कस्टमच्या कागदावरच्या नंबराशी एकेक आकडा ताडून बघितला. टायमिंग बेल्ट कधी बदलला त्याचं बिल मागितलं, आणि बिल निघालं! कार्पेट उचललं, खाली कोरडं. आणि शेवटी क्लच. हँडब्रेक ओढायचा, तिसरा गिअर टाकायचा, क्लच हळूहळू सोडायचा. इंजिन गचका देऊन बंद पडलं तर क्लच शाबूत, नुसतं गुरगुरत राहिलं तर झिजलेला. गचकन बंद पडलं. पेडल चांगलं कडक होतं, पाय जोर लावून दाबावा लागत होता. मी यादीत लिहिलं, 'क्लच कडक, उत्तम' आणि खाली दोन रेघा मारल्या.

तेवढ्यात दादा गेटवरून विचारतो, 'आता बसून बघू का?' आणि मी, त्याचा धाकटा भाऊ, त्याच्यावर डाफरलो. म्हटलं, आधी बसायचं नाही म्हणून सांगितलंय ना? कागद होऊ देत. दादा गप्प राहिला. त्याला सवयच होती.

गाडी घेतली. घरी आणली मी चालवत. आमच्या बिल्डिंगखाली लावली, वहिनी नवी साडी नेसून उभी. मी किल्ली दिली आणि म्हटलं, दादा, आता बस. तो वाकला, दार धरलं, आणि खाली गेला... गेला... गेला. अहो, ती सीट जमिनीपासून वीतभर! मला काय, मी दिवसभर गाड्यांखाली सरपटतो, मला ते जाणवलंच नव्हतं. तो टेकला तेव्हा तोंडातून 'हं' असा आवाज आला. मला वाटलं, समाधानाचा.

दोघं निघाले. रस्त्याच्या टोकाला सिग्नल आहे, तिथे नेहमीसारखी गर्दी, क्लच दाब, सोड, दाब, सोड. पाऊण तासानं परत आले. इंजिन बंद झालं. आणि कोणी उतरेना. दादा समोर बघत बसलेला, डोळे भरलेले, ओठ मिटलेले. वहिनी त्याच्या तोंडाकडे बघतेय. मला इतकं भरून आलं म्हणून सांगू! मी म्हटलं, आपण इथे थांबू नये. चौतीस वर्षांनी नवरा-बायको शेजारी बसलेत. मी पाण्याच्या टाकीमागे जाऊन उभा राहिलो. दहा मिनिटं. स्वतःचे डोळे पुसत.

मग वहिनीनं काच खाली केली आणि हाक मारली. 'भावोजी, इकडे या. हे रडत नाहीयेत. ह्यांना उठता येत नाहीये.'

मी, वॉचमन आणि पहिल्या मजल्यावरचे शिंपी, तिघांनी मिळून काढला त्याला. आधी उजवा पाय, मग खांदे, मग डावा पाय हातानं उचलून. डावा गुडघा सुजून नारळाएवढा झालेला. दुसऱ्या दिवशी हाडांच्या डॉक्टरांनी फोटो दिव्यासमोर धरला आणि विचारलं, काम काय करत होतात? दादा म्हणाला, बस. डॉक्टर म्हणाले, मग बरोबर, हा क्लचचा पाय. आतली गादी पूर्ण गेलीय. आजची नाही, पाच-सहा वर्षं तरी झाली असतील.

पाच-सहा वर्षं! लाल गाडीचा क्लच किती झिजलाय ते मला तीन मिनिटांत कळलं. आणि ज्यानं मला शिकवायला रोज हजार वेळा क्लच दाबला, तो माणूस खुर्चीत बसायला घाबरतोय, हे दहा पावलांवरून मला तासभर दिसत होतं आणि कळलं नाही. मी भडकलोच. म्हटलं, दादा, सांगायचं नाही का? तो म्हणाला, 'सांगितलं असतं तर तू मलाच बाद केलं असतंस.'

लाज वाटली हो मला. अजून वाटते.

तीन महिने गाडीवर कव्हर. मी म्हटलं, विकू, गिऱ्हाईक आहे. दादा नुसता मान हलवायचा, नाही. संध्याकाळी खाली यायचा, कव्हरची दोरी नीट करायचा, वर जायचा. एकेक पायरी करत. ते बघवायचं नाही. मी ती यादी काढायचो आणि परत परत वाचायचो, बेचाळीसचे बेचाळीस मुद्दे तपासलेले, त्या दाराची पुट्टीसुद्धा नोंदलेली. एक चूक सापडेना त्यात.

आणि एक दिवस संध्याकाळी दादाबरोबर वहिनीही खाली आली, तिनं कव्हर काढलं, आणि ड्रायव्हरच्या बाजूनं आत बसली. मी धावलो. म्हटलं, वहिनी, हे काय? तिनं पर्समधून लायसन काढून दाखवलं. तीन महिने भाजीला जाते सांगून ड्रायव्हिंग स्कूलला जात होती! वयाच्या एकोणसाठाव्या वर्षी! दादाला म्हणाली, 'अहो, बसा. मान बघून झाली, तोंडही बघितलं. आता तुम्ही माझं बघा.'

दादानं काढलेलं कव्हर घडी करून बाजूला ठेवलं. मग मी त्याला धरून खाली सोडला, शेजारच्या सीटवर.

आता रोज संध्याकाळी पाच वाजता जातात दोघं. वहिनी चालवते बरी, पण गिअर बदलताना गाडी नाचते, आणि दादाचा डावा पाय प्रत्येक वेळी कार्पेटवर आपोआप दाबला जातो. पहिल्या आठवड्यात फार बोलायचा म्हणे. 'अगं, दुसरा टाक. अगं, आरशात बघ. अगं, हॉर्न.' मग एक दिवस टीव्हीवरची पाटी गेली. कुठे गेली? डॅशबोर्डवर, दोन स्क्रूनी, दादाच्या बरोबर नाकासमोर. 'चालकाशी बोलू नये.'

तर तुम्ही विचारलंत, काय बघायचं. यादी देतो, घेऊन जा, आता त्रेचाळीस मुद्दे आहेत. नवा मुद्दा मी सगळ्यात वर लिहिलाय. गिऱ्हाइकाला आधी बसवायचं. बसतो हो, कोणीही बसतो. उठतो का, ते बघायचं.

चला, सहा वाजत आले. आलीच ती, हॉर्न वाजतोय. दोन सीटची गाडी आहे, मला कधी बसायला मिळायचं नाही... पण दादाला उपसून काढायला रोज खाली हजर राहावं लागतं.