हिरवी टिक

— आवो बसा की यमाजीनाना, उभं काय ऱ्हाता, लॅपटॉप हाय इथंच, कुठं पळतोय! बॅटरी कवाच बसवली, दोन दिवस झालं. मग दिला का न्हाई? देतो की. चहा सांगू? नको? मी घेतो, सकाळपास्नं पाचवा हाय. आज डोकं ठिकाणावर न्हाई, संध्याकाळी साडेसातला आमची मिटिंग हाय. आमची म्हंजी — कसं सांगू — एक फुकटची सिस्टीम असती बघा, विंडोजसारखी, पण कुण्या कंपनीची न्हाई, जगभरची माणसं मिळून करत्यात. लोकांना द्यायच्या आधी आमच्यासारखे आगाऊ लोक ती लावून बघत्यात. पगार? छ्या! अब्बा म्हणत्यात, "नुमान, त्यापेक्षा चार मोबाईल दुरुस्त कर." पण पेजवर नाव येतं, नाना. बर्लिनचा माणूस, ब्राझीलची बाई, आन् त्यांच्या खाली नुमान, जुन्नर. चालली तर हिरवी टिक, फसली तर लाल. साडेसातला त्या टिका बघूनच ठरवत्यात, सोडायची का थांबायचं. सोडली की उद्या लाखो लोक लावून घेणार.

पेजवर काय काय तपासायचं त्याच्या ओळी असत्यात, माझी ओळ कंची म्हायतीय? भरलेल्या जुन्या लॅपटॉपवर, आधीच्या सिस्टीमच्या शेजारी, आतलं कायबी न हलवता बसती का. ती कुणी घेतच न्हाई, भरलेला लॅपटॉप आणायचा कुठनं? माझ्याकडं मात्र... दुकान म्हटल्यावर येत्यातच की. हां, गिऱ्हाइकांचं. असं बघू नका, नाना. आधी समदं माझ्या हार्डडिस्कवर उतरवून घेतो, मग लावतो, मग काढून व्हतं तसं करून देतो. अकरा मशीनं झाली, एकालाबी पत्ता न्हाई. कळंबचं मास्तर तर उलट म्हणालं, मशीन हलकं झालं रं!

परवा तपासली, झकास बसली. काल दुपारी सिस्टीमची नवी फाईल आली — नवी आली की परत पहिल्यापास्नं तपासायचं, नियमच हाय तो — पण बदल एवढासा, अक्षराच्या वळणाचा. म्हटलं काय व्हतंय, न तपासताच हिरवी ठोकली. मग आज सकाळी मनाला लागलं, म्हटलं खोटं नको, लावूनच बघू. समोर तुमचा लॅपटॉप. आतलं उतरवून घ्यायला तीन तास. पेज उघडलं, तर त्या ओळीपुढं हिरवी टिक. म्हटलं चालतीय की, कशाला उतरवत बसा — आन् दिली लावून. माझीच टिक, नाना! माझ्याच टिकवर मी इस्वास ठेवला!

न्हाई न्हाई, चालू व्हतो की. बघा, झाला. पण आत... आत तुमचं काय न्हाई. समदं पुसलं. तुमच्या वडलांच्या, सोमाजीआबांच्या ओव्यांचं फोल्डर मी बॅटरी बसवताना बघितलं व्हतं, ऐकलंबी थोडं. मेंढरं हाकत म्हणल्यात ना त्या? लई खडा आवाज. आबा जाऊन दोन वर्सं झाली? दुसरीकडं कुठं असंल की — तुमच्या नातीच्या, श्रेयाच्या मोबाईलमधी? पेनड्राईव्हवर? कायच न्हाई? सकाळपास्नं पुसलेलं परत काढायचंच करतोय मी, फायलींची नावं तेवढी परत आली, वाजवलं की नुसती खरखर. पुण्याला काढून देणारे असत्यात, मी सोता घेऊन जातो — पण मिळंलच, असं सांगत न्हाई.

हे बघा, तुमच्यासमोर टिक लाल करतो. कारण लिहावं लागतं. मशीन कुणाचं, तेबी. लिहितो — गिऱ्हाइकाचं, न इचारता. झालं. माझं नाव काढून टाकतील, टाकू द्यात. आता बाकी कुणाचं तरी जाणार न्हाई. नाना, शिव्या द्या. अब्बांना बोलावू का? उठलात व्हय? आवो, लॅपटॉप ऱ्हायला — नाना —