शून्याच्या घरातली लाल वायर

बाबा : पेईश्वान, आधी मेन बंद केलास का?

पेईश्वान : केला हो बाबा! तिसऱ्यांदा विचारताय.

बाबा : चाळीस वर्षं लोकांच्या वायरी जोडल्या, असं विचारत राहिलो म्हणून जिवंत आहे. तू अननसाचे केक भाजणारी. आण इकडे तो पेचकस, मीच...

पेईश्वान : हात बघा कसा थरथरतोय तुमचा! पायरीवर बसा आणि तोंडाने सांगा. आईची टॅक्सी हॉस्पिटलातून निघालीसुद्धा. पुन्हा अंधारात जिना चढायला लावायचाय का तिला?

बाबा : मग नीट सांग, जिन्यातला दिवा करतो काय?

पेईश्वान : जिन्याच्या वरचं बटण एका बाजूला असलं की खालचं झकास चालतं. वरचं फिरवलं, की खालचं शंभरदा दाबा, अंधार तो अंधार! सकाळपासून तेच करून बघतेय.

बाबा : म्हणजे बल्ब ठीक आहे. भानगड बटणात. उघड खालचं. हिवाळ्यात मीच नवीन बसवलंय, सोपं जाईल.

पेईश्वान : उघडलं! तीन वायरी. एक लाल, दोन पांढऱ्या.

बाबा : लाल वीज आणते. पांढऱ्या वरच्या बटणाकडे जातात. मागे भोकांपाशी आकडे आहेत बघ, शून्य, एक, तीन. लाल शून्याच्या घरात असेल.

पेईश्वान : नाही. एकच्या घरात आहे.

बाबा : नीट बघ.

पेईश्वान : बघितलं! शून्यात पांढरी आहे. म्हणजे या दोघींची अदलाबदल झालीय. सापडलं, बाबा! अहो, सापडलं!

बाबा : बसवल्यावर एकदाच दाबून बघितलं मी. लागला. वरचं फिरवून बघितलंच नाही. तुझी आई इथे अंधारात पडल्यावर सांगत होती, बटण दाबलं होतं म्हणून. मी म्हटलं, विसरली असशील. डॉक्टरांनाही तेच सांगितलं.

पेईश्वान : मीसुद्धा मान डोलावली. आणि त्यांनी तिला स्मरणशक्तीची तपासणी लिहून दिली.

बाबा : हात चालव, पोरी! भोकाशेजारच्या फटीत पेचकस दाब, वायर आपोआप सुटेल. ओढू नकोस, हलके!

पेईश्वान : सुटली. लाल शून्यात... पांढरी एकमध्ये... बसल्या! मेन लावते. दाबा!

बाबा : लागला!

पेईश्वान : मी वर जाते. हे फिरवलं!

बाबा : विझला! आता मी खालून... लागला! पुन्हा फिरव!

पेईश्वान : विझला! दाबा! लागला! बाबा, कुठूनही लागतोय!

(खाली दार उघडतं.)

आई : काय आरडाओरडा हा? गल्लीच्या तोंडाशी ऐकू येतोय.

बाबा : सूछिन, हळू. काठी टेकव. ते बटण तू दाब.

आई : दाबलं. विझला की.

बाबा : पुन्हा दाब... हां. त्या दिवशीही तू दाबलं होतंस. वायर मी चुकीच्या घरात घातली होती.

आई : तुम्ही? चुकीच्या?

बाबा : मी.

आई : मग मला विसरायला होत नाहीये?

बाबा : नाही गं.

आई : दीड महिना रोज सकाळी, शेजारच्या खाटेवरच्या बाईचं नाव आठवतंय का, ते मनातल्या मनात म्हणून बघत होते मी.