मुंजाजी गुरवांचा तिसरा निरोप

समारंभाचे अध्यक्ष संतरामजी, व्यासपीठावर दाटीवाटीनं बसलेले मानकरी, सभामंडपात जमलेल्या माता-भगिनी, गावकरी मंडळी आणि ज्यांच्यासाठी हा सगळा थाट मांडला ते आमचे मुंजाजी गुरव, मी, देवस्थान समितीचा सचिव विश्वंभर गुरुजी, आपणा सर्वांना नमस्कार करतो.

मुंजाजींनी एकेचाळीस वर्षं आपल्या मारुतीची पूजा केली. हे वाक्य मी याच माइकवरून तिसऱ्यांदा बोलतो आहे. पहिल्या निरोपाला एकोणचाळीस म्हणालो होतो, दुसऱ्याला चाळीस. दर वेळी शाल दिली, नारळ दिला, आणि दुसऱ्या दिवशी पहाटे पाचला हेच गृहस्थ घागर घेऊन गाभाऱ्यात हजर! असा निरोप कुठं असतो का हो?

काहून असं होतं? निरोप आपण देतो, पण पूजा कुणी हाती घेत नाही. "एवढा पोळा होऊन जाऊ द्या." "एवढी हनुमान जयंती निघू द्या." गेल्या श्रावणात मुंजाजी ओल्या पायरीवरून घसरले, गुडघा धरला. आपण काय केलं? पायरीवर चटई टाकली.

मान घ्यायला मात्र सगळे पुढे. यंदाच्या जयंतीला सूर्य उगवून वर आला, तरी पाळण्याची दोरी कोणत्या घरानं ओढायची हे ठरेना. अध्यक्षमहोदय, माफ करा, त्या भांडणात आपणही होता. शेवटी मुंजाजीच म्हणाले, "मालक, देव कवाचाच जन्मला. आता सुंठवडा तरी वाटू द्या." हसू नका, तुमच्यावरच बोलले ते.

काल त्यांची लेक रागिणी सासरहून, डोंगरकडा गावाहून आली. म्हणाली, "गुरुजी, दोन सालापासून बाबासाठी खोली झाडून-पुसून ठिऊन राहिले मी. तुमी त्यायला सोडता का न्हाई?" पस्तीस वर्षं मी शाळेत पोरांच्या चुका काढल्या, इथं चूक माझीच निघाली. कारण 'एवढा सण' म्हणणारा पहिला आवाज माझाच होता. लाज वाटली, खरंच सांगतो.

म्हणून मुंजाजी, उठा. जावयाची गाडी पारापाशी उभी आहे. माझं भाषण संपायची वाट पाहू नका. आणि कमरेची ती किल्ली इकडं द्या.

काय म्हणता? "उद्या शनवार हाय, तेल-शेंदूर कोन लावील?"

आता एक शब्द नको. द्या.

मंडळी, किल्ली माझ्या हातात आहे. उद्या पहाटे पाचला दार मी उघडीन. मला आरती दोन कडव्यांपुढं येत नाही आणि शेंदूर कालवता येत नाही. ज्या घराला पाळण्याच्या दोरीचा मान हवा, त्यानं उद्या झाडू धरायला यावं.

आपण आलात, अध्यक्षांनी निमूटपणे ऐकून घेतलं, आचाऱ्यांनी जेवण गरम ठेवलं, सर्वांचे आभार. बोलताना कमी-जास्त झालं असेल तर पोटात घाला. उद्या पूजेत काही चुकलं, तर मात्र कुणीही मुंजाजींना फोन लावायचा नाही. मीसुद्धा लावणार नाही.