गळ्यात पडलेलं भंगार

पोलीस चौकीच्या बाकावर नर्स बसली होती, हरवलेल्या पाकिटाची तक्रार द्यायला. शेजारच्या दोघी मायलेकी भांडत होत्या आणि कानाला काही झाकण नसतं.

“शिलाई मशीन त्याला उचलून नेऊच कसं दिलंस, आई?”

“पैसे पाठवल्याचा मेसेज दाखवला त्याने.”

“स्वतःच्या फोनवर! तो खोटा असतो. आपल्या खात्यात आले का, ते बघायचं.”

“तेवढं दिसत असतं, तर मशीन विकलं असतं का गं? नेटवर जाहिरात तूच टाकलीस, अडगळ होते म्हणून.”

“मग मला फोन करायचास.”

“केला होता. मीटिंगमध्ये आहे म्हणालीस.”

तेवढ्यात म्हातारीचा फोन वाजला.

“आई, त्याचाच नंबर! स्पीकर लाव.”

“हॅलो, मावशी? तुमचं मशीन ज्यांनी नेलं, त्यांची बायको बोलतेय. ह्यांनी मला वाढदिवसाला दिलं हो, पण धागा सारखा तुटतोय.”

“अगं बाई, तुझ्या नवऱ्याने...”

“तुम्ही सांगितले तेवढे पैसे मोजले! म्हातारं माणूस म्हणून घासाघीसही केली नाही म्हणाले. आणि तुम्ही असलं भंगार गळ्यात मारलंत?”

“सांग तिला, आई! सांगून टाक!”

नर्सही नकळत पुढे सरकली. म्हातारी फोनवर म्हणाली,

“सुई उलटी बसवली असशील. सपाट बाजू फिरवून बघ. मशीन चोख आहे, बाई. भंगार पडलंय खरं तुझ्या गळ्यात, पण ते मी नाही मारलेलं.”